शांत बसा, संभाषण चालू आहे

परभणी जिल्ह्यातल्या पोरांना बोलायला शिकवायचं सरकारनं मनावर घेतलंय. धाडसच म्हणायचं. पूर्ण्याहून परभणीला निघालेला इथला माणूस मिरखेल येईस्तोवर शेजाऱ्याच्या सोयाबीनचा उतारा, भावकीतलं भांडण आणि जावयाचा पगार, एवढं सगळं काढून घेतो. त्याचं सहा वर्षांचं पोरगं जिंतूरच्या बाजारात माळवंवालीला सुनावतं, "मावशे, समद्या बाजारात इसानं हाय, तूच कामून तिसानं लावलीस?" भाव कमी होतो. वर कोथिंबिरीच्या चार काड्या फुकट मिळतात.

मग या पोराचं नाव शाळेत घालतात. पहिला पाठ : हाताची घडी, तोंडावर बोट.

बोट नीट बसलं की भाषाविकास सुरू होतो. श्रवण, भाषण, वाचन, लेखन ही चार कौशल्यं डी.एड.ला पाठ करून घेतात. त्यातली पहिली दोन त्या परीक्षेपुरतीच असतात, असा अनेकांचा समज आहे. 2010 साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि त्यात 'तोंडीकाम' नावाचं साधन आलं. मूल काय बोलतं, कसं बोलतं, हे गुरुजींनी ऐकायचं आणि वर्णनात्मक नोंद करायची. कल्पना उत्तम. पण ऐकायला वेळ लागतो. नोंदींची छापील पुस्तिका दुकानात तयार मिळते. 'आपले मत मुद्देसूद मांडतो.' 'लक्षपूर्वक ऐकतो.' 'निर्भीडपणे प्रश्न विचारतो.' हजेरीपटातल्या पहिल्या नावाला पहिली नोंद, दुसऱ्याला दुसरी. गुरुजींना तरी काय म्हणावं? दोन शिक्षक, चार वर्ग, शिवाय खिचडीचा हिशेब, मतदारयाद्या आणि रोज नवी लिंक. या गर्दीत मूल ऐकायचं कधी?

गंगाखेड, पालम, सोनपेठ भागातली कितीतरी कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, ती पाडव्याच्या आसपास परततात. त्यांच्यातल्या एखाद्या पोराच्या दुसऱ्या सत्राच्या पानावरही 'लक्षपूर्वक ऐकतो' सापडतं. खोटं कसं म्हणावं? ऐकत असतोच तो, सांगलीकडच्या फडात, पहाटे ट्रॅक्टरचा हॉर्न. मुकादम आणि बाप यांच्यातला उचलीचा वाद शब्दन् शब्द त्याच्या ध्यानात असतो. परत आल्यावर तो वाद वर्गात सांगू लागला, की गुरुजी म्हणतात, "ते राहू दे, 'माझी सहल' या विषयावर पाच वाक्यं सांग."

जुलै 2021 मध्ये निपुण भारत आलं. 2026-27 पर्यंत तिसरीतल्या प्रत्येक मुलाला समजून वाचता आलं पाहिजे, आणि त्याचा पाया म्हणून मौखिक भाषाविकास. म्हणजे आधी पोराला पोटभर बोलू द्या, मग अक्षराकडे न्या. शहाणपणाची गोष्ट आहे. एवढं शहाणपण वरून खाली यायचं म्हणजे प्रशिक्षण आलंच. तालुक्याला दिवसभर एक तज्ज्ञ 'मुलांना बोलते करा' या विषयावर बोलतात. सभागृहात गुरुजी-बाई टिपणं घेत गप्प. मागच्या रांगेतून एखादा हात वर आला, तर "प्रश्न शेवटी." शेवटी चहा. चहानंतर अभिप्रायाची लिंक, तीत दोनच पर्याय : उत्कृष्ट आणि अतिउत्कृष्ट.

बोलतं केल्याचा पुरावा म्हणून व्हिडिओ पाठवावा लागतो. मग पोर भिंतीला उभं राहून मोबाइलशी बोलतं. अडखळलं की पुन्हा. शिंकलं की पुन्हा. अखेर निर्दोष चित्रफीत ग्रुपवर पडते, आणि ती उघडायच्या आत वरून अंगठा येतो.

सणासुदीचं भाषण ही तर वेगळीच कला. 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, चौथीतला वक्ता अध्यक्षांपासून बालमित्रांपर्यंत सगळ्यांना एका श्वासात नमस्कार घालतो आणि दुसऱ्या श्वासात निजाम संपवतो. त्याच्यामागून येणारेही तोच निजाम त्याच वाक्यांत संपवतात. पाठ करून देणारे गुरुजी एकच असतात ना! निजामाच्या राज्यात कारभार उर्दूत चाले, वरच्या वर्गातलं शिक्षणही. भाषा परकी, म्हणून पोरं गप्प बसत. आता भाषा आपली आहे आणि पोरं तरीही गप्प आहेत. ही प्रगती आपण कुणाच्याही मदतीशिवाय साधलीय.

आपली तरी सगळ्यांची कुठे? जिंतूरकडच्या तांड्यावरचं लेकरू आईला याडी म्हणतं. शाळेत त्याला आधी आई मिळते, ती पुस्तकातली. घरची भाषा वर्गात येऊ द्या, असं 2020 चं शैक्षणिक धोरण सांगतं. धोरण दिल्लीहून निघालंय, वाटेत असेल. तोवर 'मपलं दप्तर' म्हणणाऱ्याला 'माझं' म्हणायला लावण्यात तास संपतो आणि दप्तराचं काय झालं हे राहूनच जातं. कुणीतरी फाडलेलं असतं ते.

या मातीत गंगाखेडची जनाबाई जन्मली. तिनं तर थेट विठ्ठलाला धारेवर धरलं, त्याला दळायला बसवलं. आज ती दुसरीत असती तर नोंद झाली असती : 'मोठ्यांशी उद्धटपणे बोलते. पालकांना भेटीस बोलावले.'

मी आपली एक सूचना केली. महिन्याच्या शिक्षण परिषदेत श्रवणाची परीक्षा मोठ्यांची घ्यावी. दुसरीतलं एक पोरगं खुर्चीवर बसेल आणि दहा मिनिटं मनात येईल ते बोलेल. साहेबांनी मध्ये न बोलता, मोबाइल न बघता ऐकायचं आणि मग पोरगं काय म्हणालं ते सांगायचं. पास व्हायला पस्तीस टक्के पुरेत. सूचना घेऊन एका कार्यालयात गेलो आणि टेबलापलीकडच्या बाबूंना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मान वर न करता विचारलं, "लेखी आणलंय का? तोंडी काही चालत नाही इथं."