सोळा इंचांचा घोळ

तेहतीस वर्षं मी शिरूर तालुक्यातल्या पोरांना भूमिती शिकवली. परिघावरून व्यास काढता न येणाऱ्या कित्येकांचे कान पिळले. त्या सगळ्या कानांनी गेल्या दिवाळीत माझा सूड घेतला.

दिवाळीला चार दिवस उरले असताना गिझर बंद पडला. मी माळ्यावरून आजीचा तांब्याचा बंब उतरवला आणि घोषणा केली, "यंदा अभ्यंगस्नान बंबाच्या पाण्यानं!" बंबफोड आणली, गोवऱ्या आणल्या, पाणी भरून पेटवला. धूर नळीतून वर जायचा, तो जाळीतून खाली आला आणि थेट माझ्या डोळ्यांत शिरला. निदान सोपं होतं: नळी काजळीनं तुंबली. बोट घालून पाहिलं, तर बाजरीच्या भाकरीच्या पापुद्र्याएवढा काळा, तेलकट, चकाकता थर. नखानं खरवडला, तर नखच काळं झालं. थर तिथेच.

म्हणजे हत्यार हवं. मी नळीच्या तोंडाला बाहेरून सुतळी गुंडाळली, मोजली, चिठ्ठीवर लिहिलं: १६ इंच. दुकानदारानं विचारलं, "सर, डाया किती?" सगळ्या गावासमोर माझी परीक्षा घेतो म्हणजे काय! "लिहिलंय ना!" त्यानं मुकाट्यानं पाण्याची टाकी घासायचा ब्रश दिला. घरी आलो, ब्रश बंबाच्या तोंडावर धरला, तेव्हा तो छत्रीसारखा वर उभा राहिला. सोळाला ३.१४ नं भागायचं राहिलं होतं. व्यास जेमतेम पाच इंच.

हे कुणाला सांगणार? रांजणगावच्या एमआयडीसीत बॉयलरवर असलेल्या एका माजी विद्यार्थ्याला फोन केला. तो म्हणाला, "सर, काजळीला हलकं समजू नका. तिचा ३ मिलिमीटरचा थर सुमारे २.५ टक्के जादा इंधन खातो." त्यानं बॉयलरच्या नळ्यांचा तारेचा ब्रश दिला. अस्सल, पण अडीच इंची. विहिरीत पडलेल्या उंदरासारखा तो बंबात नुसता गोल फिरला. शिवाय मध्येच कशाला तरी अडायचा. मी म्हटलं, काय घट्ट काजळी आहे!

मग बुद्धी चालवली. व्हॅक्यूम क्लीनरची नळी उलटी लावली आणि बंबाच्या वरच्या तोंडात हवा सोडली. हवा खाली गेलीच नाही. गेली तशी परत आली, काजळीसकट. समोर दिवाळीसाठी दोनच दिवसांपूर्वी रंगवलेली भिंत होती. सौ. बाहेर आली, भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "दौंडला मामांकडे जा."

मामा म्हणजे दौंड जंक्शनातले जुने फायरमन. ज्या ठेसनाला इंग्रज धोंड म्हणायचे आणि जिथून १८७८ साली मनमाडला रूळ गेले, तिथं त्यांनी वाफेच्या इंजिनांत दगडी कोळसा लोटला. बंब पोत्यात घालून मी न्हावरे-चौफुलामार्गे एसटीनं निघालो. पासष्टी ओलांडल्यानं मला अर्धं तिकीट, बंबाला मात्र लगेजचा आकार. खरं तर पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट आहे, आणि बंब माझ्याहून थोरला. पण कंडक्टर ऐकेना.

मामांनी तिन्ही हत्यारांची कहाणी शांतपणे ऐकली. मग बंबावर बोटाच्या पेरानं टकटक केलं, कान लावला.

"मास्तर, आत हात घातला होता का?"

"नाही, मामा. ब्रश घातला."

त्यांनी बाही वर केली, जाळी काढली, खालून कोपरापर्यंत हात घातला आणि अर्धवट जळलेल्या गोणपाटाचा बोळा बाहेर ओढला. गोणपाट मी लगेच ओळखलं. बंब माळ्यावर टाकताना उंदीर शिरू नयेत म्हणून मीच कोंबलं होतं.

उरलेली काजळी काढायला मामांनी मूठभर नारळाची शेंडी घेतली, काठीला सुतळीनं बांधली, ओल्या राखेत बुडवली. दहा मिनिटांत तांबं दिसू लागलं. "तारेचा ब्रश तांब्याला लावत नाहीत," ते म्हणाले. "तांबं मऊ. ओरखडे पडतात, आणि सांध्याचा डाग सुटला तर पुण्यात तांबट आळी गाठावी लागते."

"पण मामा, शेंडी किती घ्यायची, हे माप कसं कळलं?"

मामांनी काजळीनं माखलेली मूठ माझ्या नाकासमोर धरली. "ही आत गेली ना? मग एवढीच."

तेव्हा बंब पेटवणाऱ्यांनो, दुकानात जाण्याआधी जाळी काढा आणि नळीत हात घाला. हात काळा होईल, पण भिंत पांढरी राहील.