हवेत पाडलेलं भोक

पुण्याच्या बोहरी आळीत ड्रिल मशीन घ्यायला आलेला घरगुती माणूस लांबूनही ओळखू येतो. दुकानदार खोक्यातून मशीन काढतो, काउंटरजवळच्या प्लगला लावतो आणि त्याच्या हातात देतो. तो घोडा दाबतो. घुर्र. पुन्हा दाबतो. पुन्हा घुर्र. मग मान किंचित तिरकी करून, मोटारीतलं पुष्कळ कळत असल्यासारखा "हं" म्हणतो. झाली परीक्षा. आता फक्त घासाघीस उरली.

माठ टिचकी मारून घेणारे, हापूस देठाशी हुंगून घेणारे आणि द्राक्षं चाखल्याशिवाय न घेणारे आपण, इथे मात्र हवेत भोक पाडून समाधान मानतो. हवेत कुठलंही मशीन छान चालतं. खोक्यावर मिनिटाला 3000 फेरे असं जे छापलेलं असतं, तेही ओझं नसतानाचंच. भिंतीला टेकल्यावर त्यातले किती उरतात, याबद्दल खोकं मौन पाळतं.

मला विचाराल तर दोष त्या आकाराचा आहे. जर्मनीत फाइन यांनी 1895 मध्ये हातात धरायचं विजेचं ड्रिल बनवलं, ते बऱ्यापैकी धूड होतं. 1917 मध्ये बाल्टिमोरच्या ब्लॅक आणि डेकर यांना पिस्तुलासारखी मूठ आणि घोडा असलेल्या ड्रिलचं पेटंट मिळालं, आणि तेव्हापासून सरळमार्गी माणसंसुद्धा हे मशीन हातात आलं की क्षणभर सिनेमातले इन्स्पेक्टर होतात. सुताराच्या सामत्याने असा मोह कुणाला घातल्याचं ऐकिवात नाही.

मिस्त्री मशीन घ्यायला येतो तेव्हा बघावं. तो लगेच घोड्याला हात लावत नाही. आधी चक चिमटीत धरून हलवतो. खेळतंय का बघतो. मग बिट लावून फिरवतो आणि टोक डोळ्यासमोर धरतो, कारण बिट आउट मारत असेल तर आठाच्या भोकाचं दहा होणार आणि गिट्टी स्क्रूसकट बाहेर येणार. मागच्या जाळीतून ठिणग्या किती दिसतात ते पाहतो, मशीन थोडा वेळ चालू ठेवून हुंगतोसुद्धा. आणि शेवटी विचारतो, "कार्बन कुठे मिळतो याचा?" घरगुती माणसाला हा प्रश्न सुचत नाही. त्याचा प्रश्न असतो, "यात अजून कुठला रंग आहे?"

पण मिस्त्रीच्या परीक्षेतही एक गोष्ट सुटते, कारण ती दुकानात नसतेच. ती म्हणजे तुमची भिंत. जुन्या वाड्याच्या मातीतल्या भिंतीला बिट नुसतं टेकवलं तरी मूठभर माती खाली येते. नव्या इमारतीतलं सिपोरेक्स तर हॅमर न लावताच भोक देतं. खरी गाठ पडते खिडकीवरच्या लिंटेलशी. घरात मशीन आणण्याचं कारण बहुधा पडद्याचा दांडा, आणि पडद्याचा दांडा नेमका तिथेच लागतो जिथे सळई घालून काँक्रीट ओतलेलं असतं. साध्या इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासत उड्या मारतात, म्हणून जोर तुम्हालाच लावावा लागतो. रोटरी हॅमरमध्ये दट्ट्या हवा दाबतो आणि ती हवा ठोका देते. तिथे रेटून फायदा नाही, नुसतं धरायचं. हा फरक खोक्यावर वाचून कळत नाही. स्टुलावर उभं राहून, हात डोक्यावर धरून, तोंडावर सिमेंटची भुकटी पडायला लागली की ताबडतोब कळतो. काउंटर कमरेइतका असतो हो, लिंटेल नसतं. हॅमरचं दोन-अडीच किलो वजन कमरेशी धरलं तर काहीच नाही.

मग परीक्षा घ्यायची कुठे? अनादिकाळापासून चालत आलेली जागा म्हणजे सोसायटीतले मशीनवाले काका.

"काका, जरा मशीन देता? दहा मिनिटांत आणून देतो."

"ने की. पण बिट तुझं तू आण."

काकांचं चुकत नाही; काँक्रीटमध्ये झिजतं ते बिट. आतून काकू सांगतात, "आणि दोनच्या आत आटप रे, नंतर आम्ही जरा पडतो."

काकांकडे मागायला संकोच वाटत असेल तर भाड्याचा मार्ग आहे. डिपॉझिट ठेवून दिवसभरासाठी हॅमर किंवा ब्रेकर देणारी दुकानं बांधकामं चालू असलेल्या भागात सापडतात. कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयातून तर 1979 पासून अवजारं उसनी नेता येतात. आपल्या ग्रंथालयांना पुस्तकं परत मिळवतानाच नाकी नऊ येतात, तेव्हा तो विषय इथेच सोडू.

एक रविवार भाड्याचा हॅमर वापरला की बऱ्याच जणांची खरेदीची हौस तिथेच फिटते. हे चांगलंच. नाहीतर घरचं मशीन वर्षातून एकदा खंडेनवमीला माळ्यावरून उतरतं, चकवर हळद-कुंकू घेतं आणि पुन्हा वर जातं. दुकानदार विचारतो ना, "घरचं की धंद्याचं?", त्या प्रश्नाला खरं उत्तर दिलं तर निम्मे लोक मशीन न घेताच परततील.

तरीही ज्यांना घ्यायचंच आहे त्यांच्यासाठी दुकानदारांना एक विनंती. बांधकामावर काँक्रीटची ताकद तपासायला 150 मिलिमीटरचे ठोकळे पाडतात. तसला एखादा बिनफोडलेला ठोकळा मिळवा, शेगड्यात घट्ट आवळा आणि शेगडा डोक्याच्या उंचीवर पक्का बसवा. शेजारी एक स्टूल आणि डोळ्यांवर लावायचा चष्मा ठेवा. गिऱ्हाइकाने आधी तिथे एक भोक पाडावं, मग भाव विचारावा. भुकटी पुसायला फडकं तो घरून आणेल.