गडग्यावरून

सोलां वाळत घालायची वेळ हीच आमच्या वाडीत बातम्यांची वेळ. काकी खळ्यात बसून रातांब्याच्या साली मिठाच्या रसात बुडवून पुन्हा उन्हात पसरत होत्या. हात मनगटापर्यंत लालभडक. मी गडग्याच्या अलीकडे मोबाइलवर कुठल्याशा पुढाऱ्याचं भाषण ऐकत होतो. त्याने विरोधकाच्या आईचा उद्धार केला तशी काकींनी मान वर केली.

"बंद कर ता. नातू झोपलो हा माझो."

"काकी, काल बांवीवर जावेला तुम्ही याहून कडक घातलीत."

"ती गाळ होती, मेल्या! सकाळी घातलंय, दोपारी तिकाच सोलकढी धाडलंय. ह्येंची सोलकढी खय आसा?"

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मालवणी माणसाला शिव्यांचं वावडं नाही, 'वस्त्रहरण' नाटकाने ते मुंबईलाही पटवलं. दशावतारात तर राजा आणि राक्षस रात्रभर एकमेकांना घालून पाडून बोलतात. लिहिलेली संहिता नाही, सगळं आयत्या वेळचं. पण समोरच्याने टाकलेल्या मुद्द्याला उत्तर द्यावं लागतं. नुसता ओरडला तर देवळासमोर बसलेली म्हातारीही हसते. पहाटे रंग पुसून दोघे एकाच किटलीतला चहा पितात.

काकींचे वडील काँग्रेसचे. तरी विरोधी पक्षाच्या बॅरिस्टर नाथ पैंची सभा असली की पोरीला घेऊन चालत जायचे. "मत देवचंय नाय, पण आयकाक जातलंय," म्हणायचे. वेंगुर्ल्याचे नाथ पै १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तिन्ही वेळा राजापूरमधून लोकसभेत गेले, १९७१च्या जानेवारीत वारले. आपल्या कट्टा गावात त्यांच्या नावाचं सेवांगण आहे. मत न देणारा माणूस पायपीट करून ऐकायला जातो, याहून मोठं प्रशस्तिपत्र मला तरी ठाऊक नाही.

मी मुद्दाम आचार्य अत्र्यांचं नाव काढलं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या वेळी 'मराठा' दैनिकातून त्यांनी ज्या तोफा डागल्या त्यांत सभ्यता शोधावी लागे. जुनं सगळं सोनं नव्हतंच.

"पण तो हसवी तरी," काकी म्हणाल्या. "ह्ये नुसते शिरा ताणतत."

मग विषय मालवणच्या राजकोट किल्ल्यावर येणारच होता. २६ ऑगस्ट २०२४ला तिथला शिवाजी महाराजांचा पुतळा कोसळला. डिसेंबर २०२३मध्ये बसवलेला, वर्षही पुरं झालं नव्हतं. दोनच दिवसांनी किल्ल्यावर दोन पक्षांचे नेते आणि कार्यकर्ते समोरासमोर आले. घोषणा, धक्काबुक्की, दगड. काम कोणी केलं, कोणी तपासलं, हे विचारायचा तो दिवस. संध्याकाळी टीव्हीवर दिसली ती फक्त हाणामारी.

"अमेरिकेत तरी बरा आसतला?" काकींचा भाचा न्यू जर्सीला.

मी सांगितलं, २७ जून २०२४ला बायडन आणि ट्रम्प वादाला उभे राहिले, हातसुद्धा मिळवला नाही, आणि गोल्फ कोण चांगला खेळतो यावर भांडले.

"गोल्फ म्हणजे?"

"काठीने चेंडू मारायचा."

"म्हणजे इटीदांडूच. ह्या वयात!"

काकी हसल्या, आणि मग गडग्याशी येऊन आवाज खाली आणला. पलीकडच्या घरातले दोघे भाऊ. एकाच्या फोनवर एका पक्षाचा ग्रुप, दुसऱ्याच्या फोनवर दुसऱ्याचा. गेल्या विधानसभेला कोणीतरी कोणाच्या पुढाऱ्याला काहीतरी म्हणालं, तेव्हापासून बोलणं बंद. मूळ घरातला गणपती एकच. चवथीला आरत्या मात्र दोनदा झाल्या. आधी थोरल्याची, तो घरी गेल्यावर धाकट्याची.