काकूंची शेगडी

अहो वहिनी, झाडांना पाणी नंतर घाला, आधी इकडे या. कोपऱ्यावरच्या काकूंकडे इंडक्शनची शेगडी आली! हो, त्याच. मिक्सर लावायचा तरी पायात रबरी चप्पल घालणाऱ्या.

सून दिवाळीपासून मागे लागली होती. काकूंचं पालुपद एकच, "भांड्यात करंट उतरतो." वर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं, म्हणे अन्नातलं सत्त्व जातं. गॅसवर भाजीचा लगदा करतात तेव्हा कुठे असतं सत्त्व, देव जाणे!

दुकानात मीही होते. सून समजावायला लागली तशा काकू दाराकडे वळल्या. पण दुकानदार मुरलेला. वाद घातलाच नाही. सुनेला म्हणाला, "ताई, तुम्ही जरा मिक्सर बघा तिकडे." मग शेगडीवर वर्तमानपत्राचा कागद, त्यावर पातेलं, पेलाभर पाणी. "काकू, बटण तुम्हीच दाबा." पाणी खळखळलं आणि कागद जसाच्या तसा! म्हणाला, आतल्या तारेच्या वेटोळ्यातून चुंबकीय क्षेत्र तयार होतं, त्यानं फक्त भांड्याचं बूड तापतं.

मला विचाराल तर भीती शॉकची नव्हतीच हो. सुनेसमोर बटणं चुकली तर? त्यानं बरोबर ओळखलं. पोहोचलेला माणूस!

आणि माल खपवायला "काही होत नाही" असं नाही म्हणाला. भांड्याच्या उष्णतेनं काच तापते, लगेच हात लावू नका. २००० वॉटची आहे, १६ अँपिअरच्या मोठ्या प्लगलाच लावा. घरात कुणाला पेसमेकर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. हे ऐकल्यावरच काकूंनी पिशवीतून पाकीट काढलं, मी बघत होते ना. तरी बिलाचं विचारलंच. पूर्ण आचेवर अर्धा तास म्हणजे एक युनिट, म्हणाला.

आता नवंच खूळ. तळाला चुंबक चिकटलं तरच भांडं चालतं, पितळ-तांबं नाही. त्यामुळे काकू फ्रिजवरचा चुंबकाचा गणपती हातात घेऊन घरोघर भांडी तपासत फिरतायत. काल माझी निम्मी मांडणी नापास केली. संध्याकाळी तुमच्याकडे येणारेत, ती जर्मनची पातेली तेवढी आत सरकवा.