खारेभाऊ

नागपुरात समुद्र नाही. समुद्र बघायचा तर समृद्धी महामार्गानं 701 किलोमीटर जावं लागतं, तेही टोल भरून, आणि मग मुंबईच्या गर्दीत तो शोधावा लागतो. अशा शहरात तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जो गृहस्थ स्वतःपुरता समुद्र बांधायला काढतो, त्याला आपण खारेभाऊ म्हणू. आडनाव काही का असेना. वय पस्तिशी ते पंचावन्न, नोकरी बऱ्यापैकी, आणि स्कूटरच्या डिकीत कायम मोजपट्टी, टेफ्लॉन टेपची गुंडाळी आणि कुठल्या तरी पाइपाचा वीतभर तुकडा. हा तुकडा 'सॅम्पल' म्हणून इतवारीतल्या दुकानदाराच्या गल्ल्यावर ठेवायचा असतो.

खारेभाऊला माशांचं वेड आहे, असा घरच्यांचा समज आहे. तो साफ चुकीचा आहे. वेड पाइपांचं, मासे हे निमित्त. 2003 सालचा 'फाइंडिंग निमो' सगळ्या घरानं डोळे पुसत पाहिला. त्यात निमो दंतवैद्याच्या टाकीतल्या फिल्टरमध्ये खडा अडकवतो आणि फिल्टर बंद पडतो. पोरांनी टाळ्या वाजवल्या. खारेभाऊ मात्र कळवळून म्हणाला, ‘‘एका खड्यानं सगळी सिस्टिम बंद? दुसरी लाइन ठेवली नाही का बे यानं?’’

रचना ऐकायला सोपी आहे. वर माशांची टाकी, खाली स्टँडमध्ये दुसरी, तिला संप म्हणतात. वरचं पाणी काठावरून ओसंडून पाइपानं खाली उतरतं, तिथं गाळलं जातं आणि पंप ते परत वर फेकतो. उतरतो तो ड्रेन, चढतो तो रिटर्न. ‘‘बस, एवढंच?’’ असं एखादा पाहुणा बोलून जातो आणि मग त्याचा चहा थंड होतो, कारण खारेभाऊ वही काढतो.

वहीत पहिल्या पानावर लाइन जाते. इथं लाइन म्हणजे वीज. मृगाच्या आधीच्या वादळात ती जाणारच, हे गृहीत. लाइन गेली की पंप थांबतो, आणि ज्या पाइपातून पाणी वर चढत होतं त्याच पाइपातून उलटं ओढलं जातं. रिटर्नचं तोंड पाण्यात 5 सेंटिमीटर बुडालेलं असेल, तर ते उघडं पडेपर्यंत पाणी उतरत राहणार. टाकी 120 बाय 45 सेंटिमीटरची, म्हणजे 27 लिटर. खालचा संप 90 बाय 40 चा, त्यात तेवढ्यानं पातळी साडेसात सेंटिमीटर चढते. तेवढी रिकामी जागा संपात ठेवली नसेल तर समुद्र दिवाणखान्यात, आणि तिथून खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला. म्हणून रिटर्नला पाण्याच्या पातळीलगत एक भोक पाडायचं. हवा शिरली की ओढ तुटते. पण त्या भोकात शेवाळ बसतं. मग नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह का नाही लावायचा, असं पाहुणा विचारतो. खारेभाऊ आवाज खाली आणतो: ‘‘त्यात गोगलगाय अडकते.’’ माणसं दरोडेखोराचं नाव घेतात त्या सुरात.

उताराला तो तीन पाइप ठेवतो. अमेरिकेतल्या हौशी मंडळींत 'बीनॲनिमल' नावानं चालत आलेली ही पद्धत. पहिला पाइप काठोकाठ भरून वाहतो. आत हवा नाही म्हणून आवाज नाही. त्याला गेट व्हॉल्व्ह लावून एवढाच दाबायचा, की उरलेली बारीक धार दुसऱ्यातून उतरावी. दुसऱ्याच्या डोक्यावर हवेची नळी असते. पहिला तुंबला की पाणी चढतं, नळीचं तोंड बुडतं, हवा बंद होते आणि दुसराही पूर्ण जोरानं ओढायला लागतो. तिसरा कोरडा. त्यानं जन्मभर काहीच करायचं नसतं, आणि खारेभाऊचा सगळ्यात जास्त जीव त्याच्यावर. सप्टेंबर 2023 च्या त्या रात्री अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि खालच्या वस्त्या पाण्यात गेल्या, तेव्हापासून तर या तिसऱ्या पाइपाविषयी घरात कुणी चेष्टा करत नाही. तिसरा पाइप हवाच, हे त्याचं म्हणणं मलाही पटतं.

प्लंबरला पटत नाही.

‘‘भाऊ, तीन पाइप कायले? एकानं पाणी जात नाही का?’’

‘‘एक चोक झाला तं?’’

‘‘दुसरा हाये न.’’

‘‘दुसराही झाला तं?’’

‘‘मंग मले फोन करजा.’’

खरी ठिणगी पडते ती प्लंबर पिशवीतून पितळी आट्यांची फिटिंग काढतो तेव्हा. पितळ म्हणजे तांबं आलं, आणि खाऱ्या पाण्यात विरघळलेलं तांबं कोळंबीला, गोगलगायींना विष. (माशांच्या काही रोगांवर तांब्याचाच डोस देतात, पण तो वेगळ्या टाकीत.) ‘‘तांबं घरात आणायचं नाही!’’ असं खारेभाऊ ओरडतो. त्याची आई रोज सकाळी तांब्याच्या लोट्यातलं पाणी पिते. ती काही न बोलता लोटा उचलून आत नेते.

मग सगळं प्लास्टिकचं. सिंटेक्सच्या टाकीला लागतं तेच टँक निपल काचेला बसतं, फक्त काच टफन्ड नसावी. तिला भोक पाडायला गेलात तर तिचा चुरा होतो. सॉल्व्हंट लावण्याआधी सगळं कोरडं जोडून पेन्सिलनं खुणा करायच्या, काटकोनी एल्बोच्या जागी शक्यतो पंचेचाळीसचे दोन टाकायचे, कारण प्रत्येक वळण पंपाचा दम खातं. खोक्यावर ताशी 4000 लिटर लिहिलेला पंप दीड मीटर चढवताना आणि वळणं घेताना बराच कमी फेकतो, हे खारेभाऊ लग्नाच्या पंगतीतही सांगतो.

मे महिन्याची भीती मात्र त्याला कमी. पारा 45 च्या पुढं गेला आणि माशांना 26 हवं, तरी हा मनुष्य वाळ्याच्या ताट्यांत वाढलेला. संपावर पंखा सोडला की पाणी उडतं आणि उडताना गारवा देऊन जातं. मुंबईच्या दमट हवेत ही युक्ती लंगडी पडते. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात ती छान चालते. उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागं राहतं, म्हणून भर घालायची ती आरओच्या गोड्या पाण्याची, आणि ती आपोआप घालतो कूलरचाच फ्लोट.

समुद्र घरी कालवण्याची कल्पना जुनीच. इंग्लंडात फिलिप हेन्री गॉसनं 1854 सालीच क्षार मिसळून खारं पाणी करायची कृती छापली होती. इथं तीनशे लिटरला दहा किलोच्या वर मीठ लागतं. प्रवाळ आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, त्यांचं नाव काढायचं नाही. क्लाऊनफिशची पैदास मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्रात जमलेली आहे, तेव्हा ते आणायला मन कचरत नाही. पण आणतो कोण?

कारण आधी साध्या पाण्यावर चाचणी. सगळं घर बॅटऱ्या घेऊन संपाभोवती बसतं आणि खारेभाऊ मेन स्विच पाडतो. पाणी मार्करच्या रेघेकडं चढतं, बोटभर खाली थांबतं. पोरं ओरडतात. आई विचारते, ‘‘आता मासे केव्हा?’’

‘‘मासे? अजून तिसरा पाइप कुठं चालवून पाहिला? पहिले दोन बंद करावे लागतील.’’ तो स्वयंपाकघराच्या दारात जातो. ‘‘अगं, दोन आलू दे बरं.’’

‘‘चिरून देऊ की अख्खे?’’

‘‘अख्खे. सव्वा इंची.’’