फजिती आणि फजिता

आखाजीचं, म्हणजे खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेचं, ताट वाढलेलं असतं: खापरावरची पुरणपोळी आणि वाटीभर आमरस. पाहुणा जावई कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात मांडी घालतो, पोळीचा पहिलाच घास रसात बुडवतो आणि रस मनगटावरून ओघळत कोपर गाठतो. तिथून थेट खिशावर. दोंडाईच्यातली मेव्हणी अशी संधी सोडत नाही. "पाव्हनानी भलती फजिती व्हई गयी!"

घर हसतं, जावईही हसतो. फजिती ही अशी हसण्यावारी जाणारी गोष्ट.

मुळात मात्र शब्द गरीब नव्हे. अरबीत 'फजीहत' म्हणजे एखाद्याचं बिंग फोडून त्याला चारचौघांत उघडं पाडणं. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला आणि इथे येऊन मवाळ झाला. जड कामं मराठीने इतरांना वाटून दिली. प्रत्येकाचं क्रियापदही वेगळं: फजिती उडते, नामुष्की ओढवते आणि अब्रू जाते. उडालेलं निदान खाली तरी येतं. गेलेल्या अब्रूसाठी मात्र वकील गाठावा लागतो. म्हणून कायद्यात अब्रुनुकसानी आहे, फजितीनुकसानी नाही.

क्रिकेटवाल्यांना हा फरक बरोबर कळतो. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला भारताचा अख्खा डाव ३६ धावांत आटोपला, ती नामुष्की. त्याच दिवशी ऑफिसात गुपचूप मोबाइलवर स्कोअर बघताना आवाज मोठा राहिला आणि समालोचक साहेबांच्या केबिनपर्यंत ऐकू गेला, तर ती फजिती.

दोन बायकांच्या दादल्याची फजिती तर म्हणीतच जाऊन बसली आहे. 'ऐका' म्हणून वर आमंत्रणही आहे. नामुष्की ऐकायला कुणी कुणाला बोलावत नाही.

दोंडाईचा सुरत-भुसावळ लोहमार्गावरचं गाव. याच रुळांवरून पश्चिमेला गेलं की गुजरातीत 'फजेतो' भेटतो, आणि तो चक्क कढीत पडलेला असतो! रस काढून उरलेल्या कोयी-साली धुवायच्या, त्या पाण्यात ताक-बेसन कालवायचं, वर फोडणी. मराठी घरांतही हा 'फजिता' होतो. जत्रेतल्या आकाशपाळण्याला गुजराती माणूस 'फजेतफाळको' म्हणतो. त्यात एकदा बसलं की नाव पटतं.

दुसऱ्या दिवशी जावयापुढे हाच फजिता येतो. या खेपेला त्याने टॉवेल गळ्यात खोवलेला असतो. शर्ट वाचतो. पण फोडणीत दोंडाईच्याच्याच बाजारातली लाल मिरची असते, आणि पहिल्याच भुरक्याला ठसका लागतो. मेव्हणी पाण्याचा तांब्या घेऊन आधीच दारात उभी असते.