जमिनीपासून ८२५ मिलिमीटर

माहितीपत्रकात सगळं स्वच्छ छापलेलं होतं, त्यामुळे मला फसवलं असं म्हणायची सोय नाही. हिमालयन ४५०. इंजिन ४५२ सीसी, वजन १९६ किलो, पुढचं चाक २१ इंची, सीटची उंची ८२५ मिलिमीटर. इंजिनाची ओळ मी चार वेळा वाचली. सीटची ओळ मात्र विम्याच्या कागदावरच्या बारीक अक्षरांसारखी सोडून दिली. माझी उंची पाच फूट चार इंच आहे आणि त्यातला बराचसा वाटा कमरेच्या वर खर्च झाला आहे, हे मला सेहेचाळीस वर्षं माहीत होतं. त्याचा मोटारसायकलीशी काही संबंध असेल, एवढंच लक्षात आलं नव्हतं.

शोरूममध्ये गाडी साइड स्टँडवर डावीकडे कललेली होती, म्हणून डावा पाय पुरला. तिथल्या पोराने ती सरळ केली आणि माझे दोन्ही अंगठे फरशीवर बॅले करू लागले. “सवय होते, सर,” तो म्हणाला. तो स्वतः सहा फूट होता.

घरी आईने गाडीला हळदकुंकू लावलं, नारळ ओवाळला, मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “छान आहे रे. पण ही तुझीच का?”

मी गाडी पहिल्यांदा पाडली ती आठव्या दिवशी, सोसायटीच्या फाटकात, भाजीवाल्यासमोर. वेग शून्य. गाडी कलायला लागली की एका ठरावीक कोनापर्यंत ती आपली असते. त्यापुढे ती पृथ्वीची. आपण फक्त तिला सावकाश झोपवू शकतो, आणि मी तेच केलं. पडलेली गाडी उचलायची रीत मी व्हिडिओत पाहिली होती: हँडल पूर्ण वळवा, सीटला पाठ लावा, गुडघ्यांत वाका, पायांच्या ताकदीने मागे-मागे चालत जा. मी पाठ लावली, वाकलो, जोर लावला आणि चाललो. गाडी तिथेच राहिली, मी नुसता मागे-मागे चालत होतो. शेवटी वॉचमनने आणि भाजीवाल्याने ती उचलली. भाजीवाल्याने वर कोथिंबीर फुकट दिली. ही सहानुभूती होती, हे मला नंतर कळलं.

वर्षभराचा हिशेब असा: एकूण अकरा वेळा पडलो, त्यातल्या नऊ वेळा उभ्या-उभ्या.

सिग्नलचं शास्त्र मी स्वतः विकसित केलं. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता असतो. आपण डावीकडून चालतो, म्हणजे डावा पाय जिथे टेकायचा तिथली जमीन आणखी खाली गेलेली. उजवा टेकावा तर मागचा ब्रेक त्याच पायाच्या ताब्यात. त्यामुळे सिग्नल लाल दिसला की माझी नजर फुटपाथची कड, दुभाजक, वर आलेलं गटाराचं झाकण शोधू लागते. कर्वे रोडवर महापालिकेने जे जे नीट बसवलेलं नाही, त्या सगळ्यावर मी पाय ठेवलेला आहे. लोक उंच झाकणांविरुद्ध तक्रारी करतात. मी करत नाही.

दरम्यान तयारी चालूच होती. दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या पेट्या, क्रॅश गार्ड, गुडघ्याचं चिलखत, आणि जादा पेट्रोलसाठी दोन कॅन. माझ्या ऑफिसच्या वाटेवर अकरा किलोमीटरमध्ये चार पेट्रोल पंप आहेत आणि गाडीची स्वतःची टाकी १७ लिटरची आहे, हे बायकोने दाखवून दिलं. ती ॲक्टिव्हावर बसते, दोन्ही पाय टेकते, दळण आणते. मी काही बोललो नाही. उजव्या पेटीवर मी ‘खारदुंग ला, १८,३८० फूट’ असा स्टिकरही लावला होता. गेलो नव्हतो. पण जाणारच होतो, आणि तीन घेतले तर एक फुकट होता.

लडाखआधी सराव म्हणून कोकण ठरलं. ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा, हरिहरेश्वर. बागमांडल्याहून जंगलजेटीने वेश्वीला. मग केळशी, आंजर्ले. जंगलजेटीवर मी लोखंडी उतारावरून व्यवस्थित चढलो. (डावीकडे कठडा होता.) त्या यशाने डोकं फिरलं. आंजर्ल्याच्या अलीकडे एक पुळण लागली. वाहनं खाली नेऊ नयेत असा फलक होता. तो मोटारवाल्यांसाठी असावा असा मी अर्थ लावला.

ओल्या वाळूवर गाडी छान पळाली, तब्बल चाळीस मीटर. मग कोरडी वाळू आली. मी घाबरून थ्रॉटल सोडला, जो वाळूत सोडायचा नसतो. मग घाबरून पिळला, जो थांबलेल्या गाडीवर पिळायचा नसतो. मागचं चाक अर्ध्याच्या वर पुरलं. एक फायदा झाला. आयुष्यात पहिल्यांदा माझे दोन्ही पाय सपाट टेकले.

आता ज्ञान कामी आलं. टायरमधली हवा कमी केली की टायर पसरतो आणि वाळूवर तरंगतो. मी दोन्ही चाकांची हवा सोडली, अगदी मोजून. तेवढ्यात टोपल्या घेतलेल्या चार बायका आल्या. भरती लागलीय, त्यांनी सांगितलं. मग टोपल्या ठेवून त्यांनी पेट्या धरल्या. “जोर लाव गो,” एकीने दुसरीला म्हटलं, आणि मला, “तू बाजूला हो.” दोन मिनिटांत गाडी रस्त्याला. जाताना त्यातली सगळ्यात वयस्कर मावशी म्हणाली, “गाडी मोठी, का तू ल्हान?” उत्तर दोन्ही होतं.

हवा सोडली ती परत भरायला पंप हवा. पंप पुण्याला होता, कारण त्याच्या जागी कॅन बसले होते. कॅन रिकामे. तसाच मऊ टायरांवर निघालो. हवा कमी असली की टायर रिमवर सरकतो, आतली ट्यूब त्याच्याबरोबर सरकते, पण तिचा व्हॉल्व्ह रिमच्या भोकात अडकलेला असतो. दोनच वळणांनंतर तो मुळापासून उपटला. मी शांतपणे पंक्चर किट काढलं. किट ट्यूबलेसचं होतं. माझ्या चाकाला स्पोक आहेत, ते रिमला भोकं पाडून बसवलेले आहेत, म्हणूनच तर आत ट्यूब आहे. हेही माहितीपत्रकात असणार.

दापोलीत मी छोट्या हत्तीत उभा राहून दाखल झालो, गाडीला मिठी मारून. टायरवाले काका सत्तरीचे, ताठ, मिशा पांढऱ्या. दोन लिव्हर घालून त्यांनी टायर असा सोलला, जसं कोणी केळं सोलावं. मग त्यांची नजर स्टिकरवर गेली.

“चुकलाय,” ते म्हणाले. “अठरा हजार तीनशे ऐंशी पाटीवर लिहीत. नीट मोजलं तेव्हा १७,५८२ भरलं. आठशे फूट उगाच.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“नुब्राला ट्रक नेत होतो. फौजेत.” ट्यूब पाण्यात बुडवून ते बुडबुडे बघत राहिले. “तुम्ही कधी गेलात?”

मी खोटं बोलू शकलो असतो. पण अंगावर चिलखत, बुटांत वाळू, आणि गाडी टेम्पोतून उतरवलेली. “जायचंय,” मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. “आधीच लावलंत ते बरं केलंत. विसरायला नको.”

पैसे दिले, हवा भरली. निघताना मी नेहमीप्रमाणे चढायची जागा शोधत गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. काका काही न विचारता दुकानामागे गेले आणि जांभ्याचा अर्धा चिरा आणून डाव्या बाजूला ठेवला. मी त्यावर पाय दिला आणि एखाद्या सरदारासारखा बसलो. “घेऊन जा,” ते म्हणाले. “पावसात बाहेरच पडून असतो.”

तेव्हापासून डाव्या पेटीत तो चिरा असतो. दोन्ही कॅन माळ्यावर गेले. अडचण एकच होती: चढून बसल्यावर चिरा खाली आणि मी वर. आता त्याला सुतळी बांधली आहे. बसलो की ओढून घेतो. काल सिग्नलला एका लहान मुलाने विचारलं, “काका, त्याला फिरायला घेऊन जाता का?”